गरोदर मातेचे आयोडीन कोण मोजणार?

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या या टोकाचे नाव अचानक देशभर गाजले. किरकटवाडी, नांदेड, धायरी, खडकवासला या पट्ट्यात धडधाकट माणसांचे हातपाय लुळे पडू लागले. गुलियन बॅरे सिंड्रोम हा पूर्वी कधी न ऐकलेला शब्द आमच्या वस्त्यांतील आयाबायांच्या तोंडी बसला. पुणे परिसरात दोनशेच्या आसपास रुग्ण नोंदले गेले, काही दगावले. मग केंद्राचे पथक आले, पाण्याचे नमुने तपासणीला गेले, कॅमेरे आले आणि कॅमेऱ्यांच्या मागोमाग पुढारीही आले. यंत्रणा हलली हे चांगलेच झाले. पण ती का हलली, याचा विचार आपण केला पाहिजे. तो आजार डोळ्यांना दिसत होता. काल चालता-बोलता असलेला माणूस आज व्हेंटिलेटरवर जात होता. असे दृश्य समोर असले की कोणत्याही शासनाला झोपेचे सोंग घेता येत नाही.

आता अशा एका कमतरतेचा विचार करा की जी कोणालाच दिसत नाही. तिने कोणी रस्त्यात कोसळत नाही, दवाखान्यासमोर रांग लागत नाही, मोर्चा निघत नाही. पोटातल्या गर्भाच्या मेंदूला जे मिळायला हवे ते थोडे कमी मिळते, एवढेच घडते. मूल जन्मते, रडते, वाढते, शाळेत जाते. पुढे ते मागे पडले तर गुरुजी म्हणतात, याचे डोकेच चालत नाही. बाप पोराला दोन फटके देतो, आई मुकाट्याने ऐकून घेते. दोष मुलाचा ठरतो, फार तर आईचा. शासनाचा कधीच ठरत नाही. ही कमतरता आयोडीनची आहे, आणि गरोदर स्त्रीच्या बाबतीत ती नियमितपणे मोजण्याची व्यवस्था या देशात नाही, हा आजचा विषय आहे.

आयोडीन म्हटले की आपल्याला मिठाची जाहिरात आठवते, नाहीतर शाळेच्या पुस्तकातले गळ्याला गाठ आलेल्या बाईचे चित्र आठवते. गलगंड हा या कमतरतेचा दिसणारा भाग आहे, पण तो सर्वात कमी नुकसानीचा भाग आहे. खरे नुकसान गर्भात होते. गळ्यातील थायरॉईड ग्रंथी आयोडीनपासून जे संप्रेरक बनवते त्याच्यावर गर्भाच्या मेंदूची घडण अवलंबून असते. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाची स्वतःची ग्रंथी काम करीत नाही. त्या काळात त्याला जे काही मिळते ते आईच्या रक्तातून मिळते. म्हणून आईच्या ग्रंथीला नेहमीपेक्षा जवळजवळ दीडपट संप्रेरक तयार करावे लागते. त्यात गरोदरपणी मूत्रपिंडातून आयोडीन जास्त वाहून जाते, आणि पुढे बाळाचा वाटाही आईच्याच साठ्यातून निघतो. या सर्वांचा हिशोब करून जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीची गरज २५० मायक्रोग्रॅम ठरविली आहे. कमतरता तीव्र असेल तर गर्भपात, मृत बालक, जन्मतः मुके-बहिरेपण, खुंटलेली वाढ आणि कायमचे मतिमंदत्व येते. बिघडलेला मेंदू नंतर मीठ चारून दुरुस्त होत नाही.

येथे आपल्याकडच्या एका रीतीकडे लक्ष द्यावे लागेल. दिवस गेले की तीन महिने होईपर्यंत कोणाला सांगायचे नाही, नजर लागते, असे घरातल्या म्हाताऱ्या अजूनही सांगतात. म्हणजे ज्या तीन महिन्यांत बाळ पूर्णपणे आईच्या थायरॉईडवर जगते, नेमक्या त्याच तीन महिन्यांत त्या बाईचे नाव आशाताईंच्या वहीत नसते. नाव चढते, कार्ड मिळते, लाल गोळ्या सुरू होतात, तोवर ती वेळ निघून गेलेली असते. आणि लोह-फॉलिक ॲसिडच्या त्या लाल गोळीत आयोडीन नसते, हेही सांगून ठेवतो. कारण ‘सगळ्या ताकदीची गोळी’ म्हणून ती घेणाऱ्या भगिनी मला भेटल्या आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या सुरक्षित मातृत्वाच्या तपासणीत रक्तदाब पाहतात, हिमोग्लोबिन पाहतात, लघवीतील साखर आणि प्रथिने पाहतात. तीच लघवी, तीच बाटली, पण आयोडीनचे नाव नाही. ‘आयोडीनयुक्त मीठ खा’ असा सल्ला तेवढा मिळतो.

सल्ला देऊन मोकळे होण्याची ही सवय जुनी आहे. तिच्यामागचा कायद्याचा इतिहास थोडा सांगावा लागेल.

१९५६ साली हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही गावांना आयोडीनयुक्त मीठ दिले, काहींना साधेच मीठ चालू ठेवले. ज्यांना आयोडीन मिळाले त्यांच्यातील गलगंड झपाट्याने घटला. (ज्या गावांना साधे मीठ दिले ती १९६२ पर्यंत तशीच राहिली. विज्ञानाच्या दृष्टीने ते तुलनेसाठी होते. त्या सहा वर्षांत तेथे दिवस गेलेल्या बायांच्या दृष्टीने ते काय होते, याचा विचार कोणत्या अहवालात असणार?) १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा समज असा होता की हा डोंगरातल्या लोकांचा, हिमालयाच्या पायथ्याचा आजार आहे. तो समज १९८९ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मोडून काढला. त्या पट्ट्याबाहेरच्या ९ राज्यांतील १४ जिल्हे तपासले, तेव्हा सुमारे २१ टक्के लोकांत गलगंड सापडला. त्याआधीच, ऐंशीच्या दशकात, सर्वच खाण्याच्या मिठात आयोडीन घालण्याचे धोरण ठरले होते. १९९२ मध्ये कार्यक्रमाच्या नावातला गलगंड जाऊन ‘आयोडीन कमतरता विकार’ असे शब्द आले. नाव बदलले ते योग्यच, कारण प्रश्न गळ्याचा नसून मेंदूचा आहे.

पुढे जे झाले ते मात्र लाजिरवाणे आहे. खाण्यासाठी साधे मीठ विकण्यावर १९९८ मध्ये देशभर बंदी आली. लगेच ओरड सुरू झाली. मिठाचा सत्याग्रह झालेल्या देशात मिठावर सक्ती कशी, असा सवाल काही गांधीवादी मंडळींनी केला. मोठ्या कंपन्यांच्या फायद्यासाठी लहान आगरवाल्याला मारले जात आहे, असेही म्हटले गेले. यातला दुसरा मुद्दा अगदीच खोटा नव्हता. पण त्याचे उत्तर लहान उत्पादकाला आयोडीन मिसळण्याचे यंत्र आणि पोटॅशियम आयोडेट पुरविणे हे होते. तसे न करता २००० साली केंद्र सरकारने बंदीच उठवली. सार्वजनिक आरोग्यात सक्ती नको, निवडीचे स्वातंत्र्य हवे, असे कारण दिले. निवडीचे स्वातंत्र्य! आठवडे बाजारात पोत्यातले सुटे मीठ घेणाऱ्या बाईला दोन रुपये कमी-जास्तीखेरीज कोणती निवड असते? आणि पोटातल्या गर्भाने कोणाची निवड करायची? २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील जेमतेम ५१ टक्के घरांत पुरेसे आयोडीन असलेले मीठ सापडले, आणि शहर-खेड्यातील तफावत मोठी होती. मे २००६ पासून बंदी पुन्हा लागू करावी लागली. मधल्या सहा वर्षांत जन्मलेली मुले आज विशीत आहेत.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट विरुद्ध भारत सरकार’ या खटल्याचा निकाल जुलै २०११ मध्ये लागला. अनेकांनी तो अर्धवट वाचून ‘कोर्टाने आयोडीन मीठ बेकायदा ठरवले’ असा प्रचार केला, आजही करतात. निकाल तसा नाही. अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा भेसळ रोखण्यासाठी आहे, साधे मीठ ही भेसळ नव्हे, म्हणून त्या कायद्याखाली असा नियम करण्याचा अधिकार सरकारला नव्हता, एवढेच न्यायालयाने म्हटले. आणि लोकांचे आरोग्य डोळ्यांपुढे ठेवून अनुच्छेद १४२ चा वापर करून तोच नियम सहा महिने चालू ठेवला, जेणेकरून सरकारला नीट पाया घालता यावा. त्याच वर्षी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ पूर्णपणे अंमलात आला आणि त्याखालच्या विनियमांत ही बंदी घालण्यात आली. म्हणजे आज आयोडीन नसलेले मीठ थेट खाण्यासाठी विकणे हा कायद्याचा भंग आहे, आणि ग्राहकाच्या हातात पडणाऱ्या एक किलो मिठात किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असले पाहिजे.

कायद्याचे काम झाले, असे वाटते ना? आता साधा हिशोब करू. त्याला डॉक्टर व्हावे लागत नाही.

किलोला १५ मिलिग्रॅम म्हणजे एका ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम. दिवसाला १० ग्रॅम मीठ खाल्ले तर १५० मायक्रोग्रॅम मिळतात. प्रौढ माणसाचे भागले. पण गरोदर बाईला २५० हवेत. निव्वळ मिठावर भागवायचे तर तिने रोज जवळजवळ १७ ग्रॅम मीठ खावे लागेल! दुसरीकडे तीच जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा, आणि पायावर सूज आलेल्या गरोदर बाईला घरचे, शेजारचे, दवाखान्यातले सगळेच ‘मीठ कमी कर’ म्हणून बजावतात. ५ ग्रॅम मिठातून, तेही कायद्याला मान्य असलेल्या किमान प्रतीच्या मिठातून, तिला ७५ मायक्रोग्रॅम मिळतील. त्यातले काही उकळताना उडून जाणार. उरलेली तूट दुधातून, अंड्यातून, समुद्राच्या मासळीतून भरून निघू शकते. ज्या घरात रोज दूध-अंडी आहेत तेथे ती भरून निघतेही. बांधकामावर विटा वाहणाऱ्या, भाकरी आणि ठेच्यावर दिवस काढणाऱ्या बाईने ती कशातून भरायची? मिठाच्या पुडीवरचा हसऱ्या सूर्याचा छाप पाहून कायदा समाधानी होतो. त्या छापाखाली असलेले आयोडीन एका सरासरी माणसासाठी मोजलेले आहे. गरोदर बाई ही सरासरी नाही.

मग मोजले कोणाला जाते? सहा ते बारा वर्षांच्या शाळकरी मुलांना. जगभर हीच पद्धत रूढ झाली, कारण मुले शाळेत एका जागी सापडतात. जिल्ह्यात पाहणी करायची, मुलांचे गळे चाचपायचे, काहींची लघवी आणि घरचे मीठ तपासायचे, आणि त्यावरून सगळा समाज बरा की आजारी ते ठरवायचे. पण मुलाची गरज आईच्या गरजेच्या निम्मी असते. त्याच घरात, त्याच पातेल्यातले जेवून मूल पुरेसे आणि त्याची गरोदर आई अपुरी, असे घडते. बँकॉकमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेमके हेच दिसले.

बँकॉक लांब राहिले, आपल्या रामटेकचेच पाहा. नागपूर जिल्ह्यातील रामटेक परिसरातील आदिवासी गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला आणि तो २०११ मध्ये ‘थायरॉइड’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गरोदर स्त्रियांच्या गटाच्या लघवीतील आयोडीनचा मध्यक लिटरला १५० ते २४९ मायक्रोग्रॅम असला तर तो गट पुरेसा मानतात. रामटेकच्या स्त्रियांचा मध्यक गरोदरपणाच्या पूर्वार्धातच १५० च्या खाली होता, आणि शेवटच्या महिन्यांत तो आणखी खाली गेला. बाळाचा वाटा आईच्याच साठ्यातून निघतो, असे वर म्हटले ते हेच. बंदी पुन्हा लागू झाल्यानंतरच्या काळातील, आपल्याच राज्यातील ही गोष्ट आहे. महाराष्ट्राच्या विधिमंडळात तिच्यावर गदारोळ झाल्याचे कोणाला आठवते का?

शासन म्हणेल, आता परिस्थिती सुधारली आहे. सुधारली आहे, हे मी नाकारीत नाही. २०१८-१९ च्या राष्ट्रीय आयोडीन सर्वेक्षणात सुमारे ७६ टक्के घरांत पुरेसे आयोडीन असलेले मीठ सापडले आणि स्त्रियांचा देशपातळीवरचा मध्यक पुरेशा मर्यादेत आला. साठ वर्षांच्या कामाचे ते यश आहे. पण वकिलीत आम्हाला एक शिकवलेले असते, की साक्षीदार काय सांगतो त्याबरोबरच तो काय सांगत नाही तेही ऐकावे. मध्यक म्हणजे मधला माणूस. तो ठीक आहे याचा अर्थ खालचे ठीक आहेत असा होत नाही. ७६ टक्क्यांच्या पलीकडची २४ टक्के घरे कोणाची आहेत? ती कोठे आहेत, हे जिल्हा, तालुका, वस्ती या पातळीवर कोण सांगणार?

खडकवासल्याच्या परिसरात एका बैठकीला आलेल्या भगिनींना मी मागच्या वर्षी सांगितले होते, की येताना घरचे चिमूटभर मीठ कागदात बांधून आणा. त्यांतल्या एक आजी म्हणाल्या, “वकीलसाहेब, मीठ म्हंजी मीठ, त्यात काय बघायचं?” आशाताईंकडे मीठ तपासायची छोटी बाटली असते, थेंब टाकला की आयोडीन असलेले मीठ निळे-जांभळे होते. पुड्या उघडल्या, थेंब टाकले. काहींचे मीठ गडद निळे झाले, काहींचे फिकट, आणि काहींचे पांढरेच राहिले. पांढरे राहिलेले बहुतेक खडे मीठ होते. लोणच्यासाठी आणलेले, गुरांसाठी आणलेले, आणि मग पुडी संपली की तेच आमटीत पडणारे. एकीने नवऱ्याच्या आग्रहावरून महागाचे गुलाबी सैंधव सुरू केले होते, कारण मोबाईलवर कोणीतरी ‘आयोडीन मीठ विष आहे’ असा व्हिडिओ पाठवला होता. तीही गरोदर होती. गरिबी एका बाजूने आणि अर्धवट शहाणपण दुसऱ्या बाजूने, दोन्हींचा शेवट एकाच पांढऱ्या चिमटीत झाला.

त्या बाटलीच्या थेंबाला मर्यादा आहेत. आयोडीन आहे की नाही, एवढे तो बऱ्यापैकी सांगतो. किती आहे ते नीट सांगत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. पण निदान हे काम तरी नियमित व्हावे म्हणून ज्या जिल्ह्यांत कमतरता आढळली तेथे आशाताईंनी महिन्याला ५० घरांतले मीठ तपासावे, असे कार्यक्रमात ठरले, आणि त्यासाठी मोबदला ठरला महिना २५ रुपये. एका नमुन्याला आठ आणे! आठ आण्यांचे नाणे रोजच्या व्यवहारात कोणाला दिसते तरी का? देशाच्या पुढच्या पिढीच्या मेंदूची राखण आपण या दराने करवून घेतो, आणि मग अहवालात आकडे का येत नाहीत म्हणून त्या बाईलाच नोटीस देतो.

आता काही जण म्हणतील, एवढे कशाला, सरळ सगळ्या गरोदर बायांना आयोडीनची गोळी द्या, नाहीतर प्रत्येकीची लघवी तपासा. या दोन्ही गोष्टींना माझा आक्षेप आहे, आणि तो स्पष्टपणे नोंदवतो. एका बाईची एका दिवसाची लघवी तिच्याबद्दल फारसे काही सांगत नाही. आज मासे खाल्ले तर आकडा चढेल, उद्या उतरेल. ही तपासणी गटाची असते. अनेक स्त्रियांचे नमुने एकत्र पाहिले तरच त्या वस्तीची स्थिती कळते. त्यामुळे ‘आयोडीन प्रोफाइल’ म्हणून कोणी गरोदर बाईकडून पैसे मागत असेल तर ते देऊ नयेत. बाईच्या स्वतःच्या थायरॉईडची शंका असेल तर रक्ताची टीएसएच तपासणी वेगळी आहे. डिसेंबर २०१४ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ती सर्व गरोदर स्त्रियांची न करता जोखीम असलेल्यांची करायची आहे, आणि आयोडीनची मध्यम ते तीव्र कमतरता असलेल्या भागात राहणे ही त्यातली एक जोखीम आहे. गंमत पाहा: भाग कमतरतेचा आहे की नाही हे गरोदर बायांत मोजायचे नाही, आणि भाग कमतरतेचा असेल तरच बाईला तपासायचे. दाराला कुलूप लावून किल्ली आत टाकण्याचाच हा प्रकार आहे.

गोळीचा प्रश्न याहून नाजूक आहे. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल परिसरातील सुमारे एक हजार मातांच्या गरोदरपणात घेतलेल्या लघवीच्या नमुन्यांवरून २०१३ साली ‘लॅन्सेट’मध्ये अभ्यास आला. ज्यांचे आयोडीन कमी होते त्यांच्या मुलांची आठव्या वर्षी भाषिक बुद्धी आणि नवव्या वर्षी वाचन थोडे मागे होते. ब्रिटनसारख्या श्रीमंत देशातली, सौम्य कमतरतेची ही गोष्ट. पण २०१७ साली बंगळुरू आणि बँकॉक येथील प्रयोगाचा निष्कर्ष आला. सौम्य कमतरता असलेल्या गरोदर स्त्रियांना रोज २०० मायक्रोग्रॅम आयोडीन देऊनही मुलांच्या पाचव्या-सहाव्या वर्षी फरक दिसला नाही. याचा अर्थ आयोडीन निरर्थक आहे असा नव्हे. जेथे कमतरता तीव्र आहे तेथील नुकसान निर्विवाद आहे. सौम्य कमतरतेत गोळीने किती साधते, आणि ती गर्भ राहण्याआधीच द्यायला हवी होती का, याचा वाद अजून मिटलेला नाही. आयोडीन अती झाले तरी थायरॉईड बिघडते. म्हणून आंधळेपणाने सर्वांना गोळी नको, स्वतःच्या मनाने आयोडीनचे थेंब तर मुळीच नकोत, आणि मिठाचे प्रमाण वाढवणेही नको. पण नेमके याच कारणासाठी मोजणे हवे. कोणत्या भागातील बाया कोणत्या पातळीवर आहेत हे माहीत नसताना ‘गोळीची गरज नाही’ म्हणणे आणि ‘सर्वांना गोळी द्या’ म्हणणे, दोन्ही सारखेच बेजबाबदार आहे.

हा विषय या पानावर कशासाठी, असे कोणी विचारील. आमच्या मुलांना आयुष्यभर एका शब्दाने मारले जाते, तो शब्द म्हणजे गुणवत्ता. प्रवेशाच्या वेळी गुणवत्ता, नोकरीच्या वेळी गुणवत्ता. जे लोक ही फुटपट्टी घेऊन उभे आहेत त्यांना विचारले पाहिजे, की ज्या काळात मेंदू घडतो त्या काळात या देशाने कोणाच्या आईला काय दिले, ते तुम्ही कधी मोजले का? येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. आयोडीनच्या कमतरतेची भाषा उलटवून ‘या वस्त्यांतली मुले मुळातच मंद’ असे म्हणायला काही जण टपलेलेच आहेत. कमतरता जातीत नसते. ती मातीत, मिठात, ताटात आणि शासनाच्या बेपर्वाईत असते. डोंगरावरच्या ब्राह्मणाच्या घरातही ती होती, कांगड्यात ते दिसलेच आहे. फरक एवढाच, की एका घरातून ती लवकर हटते आणि दुसऱ्यातून हटायला तीन पिढ्या लागतात.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला होता. बाळंतपणाआधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे लोकांच्याच हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. आयोडीनच्या प्रश्नालाही तोच युक्तिवाद लागू पडतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ ने पोषण व सार्वजनिक आरोग्य उंचावणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ च्या कलम ४ ने गरोदर स्त्रीला अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क दिला आहे. त्या आहारात कोणते मीठ पडते ते तपासणे काही अवघड नाही.

मागणी फार मोठी नाही. राष्ट्रीय कार्यक्रमातच दर पाच वर्षांनी जिल्ह्याची फेरपाहणी करण्याचे आणि प्रत्येक राज्यात मीठ-लघवी तपासणीची प्रयोगशाळा उभारण्याचे उद्दिष्ट आहे. त्या पाहणीत शाळकरी मुलांबरोबर गरोदर स्त्रियांचा स्वतंत्र गट घ्यावा, पहिल्या तिमाहीतील बायांची नोंद वेगळी ठेवावी, आणि निकाल तालुकावार जाहीर करावा. ९ तारखेच्या शिबिरात लघवी घेतलीच जाते. ठरावीक संख्येने त्यातले थोडे नमुने आयोडीनसाठी पाठवायचे, एवढेच जादा काम आहे.

आपल्या बाजूनेही दोन-तीन गोष्टी आजच करता येतात. स्वयंपाकासाठी पुडीतले, आयोडीनचा छाप असलेले मीठ घ्यावे. ते झाकणाच्या डब्यात, चुलीच्या धगीपासून आणि ओलीपासून दूर ठेवावे. शक्य तेथे भाजी उतरवताना टाकावे. दुकानदार खाण्यासाठी म्हणून साधे मीठ देत असेल, तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे कोणताही ग्राहक, खरेदी करतानाच दुकानदाराला तसे सांगून, तो माल फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. माल नियमात बसत नाही असा अहवाल आला तर फी परत मिळते. हे कलम वापरलेले मी फारसे पाहिलेले नाही.

आणि माहितीच्या अधिकाराचा अर्ज. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही नाही. त्यात एवढेच विचारावे: पुणे जिल्ह्यात आयोडीन कमतरतेची शेवटची पाहणी कोणत्या वर्षी झाली, त्यात गरोदर स्त्रियांचे किती नमुने घेतले आणि त्यांचा मध्यक किती आला, गेल्या तीन वर्षांत आपल्या भागातील मिठाचे किती नमुने तपासले आणि त्यांपैकी किती अपुरे निघाले, अपुऱ्या नमुन्यांवर काय कारवाई झाली. खडकवासला ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत आले, त्यामुळे हा विषय जिल्हा परिषदेचा की महापालिकेचा, असे सांगून अर्ज परत देण्याचा प्रयत्न होईल. तो परत घेऊ नये. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे अर्ज पाच दिवसांच्या आत योग्य कार्यालयाकडे पाठवणे हे त्या अधिकाऱ्याचेच काम आहे. अर्ज नोंदवून घ्यावा, पोच घ्यावी, आणि तारीख लिहून ठेवावी.